गावातला माणूस आमदार होतो तो कुठल्या वाटेने?

प्रश्न: पऱ्यापलीकडची

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीवर मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. गावात आमदारकीचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात, “पैसा होता म्हणून झाले” नाहीतर “बापाची पुण्याई.” पण आजोबा ज्या आमदारांचं सांगायचे ते वस्तीच्या एसटीने यायचे आणि कोणाच्याही पडवीत झोपायचे. अशी माणसं मुळात कोण होती, तिथवर पोचली कशी, हे जवळून पाहिलेलं कोणी आहे का? मला स्वतःला काय शिकायला हवं ते समजून घ्यायचं आहे.

उत्तर: निवृत्त ग्रामसेवक

ताई, माझ्या एका गावचे सरपंच पुढे आमदार झाले. नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत आणि घरच्यांना मी विचारलेलं नाही.

घर कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचं. वडील मुंबईत गिरणीत, आई गावाला भातशेती सांभाळणारी. हे दहावी झाल्यावर परळला गावच्या खोलीत राहायला गेले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. काही महिने वाट पाहिली आणि बिऱ्हाड घेऊन परत आले. गावात तेव्हा अर्ज लिहून देणारा माणूसच नव्हता. संध्याकाळी यांच्या ओटीवर लोक कागद घेऊन बसायचे. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा वारस तपास, कोणाचं कूळकायद्यातलं 32 ग चं, म्हणजे कसलेली जमीन कुळाच्या नावावर करायचं, प्रकरण वर्षानुवर्षं पडलेलं. ते पैसे घेत नसत. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना असं कळत गेलं, आणि माझ्या मते त्यांची आमदारकी त्या ओटीवरच सुरू झाली.

सरपंच झाल्यावर पहिलं काम साकवाचं, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं. खालच्या वाडीतली पोरं पावसाळ्यात पऱ्या (ओढा) ओलांडून शाळेत यायची. पाणी चढलं की शाळा बंद. अंदाजपत्रक करून घेता आलं असतं, पण दोन्ही काठांची जमीन सामाईक. सात-बारावर नावांची ही रांग, त्यातले निम्मे चाकरमानी. आपल्याकडे कुठलंही काम इथेच रखडतं हे तुम्हालाही माहीत असेल. त्यांनी संमतीपत्राचा मसुदा माझ्याकडून तपासून घेतला आणि गावच्या चाकरमान्यांच्या मंडळाच्या मासिक सभेला मुंबईला गेले. सभेत उभं राहून मागणी केली नाही. सभा संपल्यावर एकेकाच्या खोलीवर जाऊन, चहा घेऊन, सात-बाऱ्यावर त्याच्या आजोबांचं नाव दाखवून सही घेतली. विरार-नालासोपाऱ्यापर्यंत फिरले. मग ग्रामसभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. प्रत्येक टप्प्याला स्वतः फाइलीमागे. साकव झाला.

पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद, एकदा विधानसभेला पराभव, मग विजय. पैसा लागलाच नाही असं मी म्हणणार नाही, पण प्रचाराच्या जीपचं डिझेल मुंबईच्या मंडळांनी वर्गणी काढून भरलं आणि पोरं रजा टाकून गावी आली. ज्यांच्या खोलीवर चहा झाला होता तीच ही माणसं.

विधानसभेतही पद्धत तीच. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात ते, स्वतः लिहायचे, आकडे आमच्यासारख्यांकडून खात्री करून घ्यायचे. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला की तो वहीत तारखेसह उतरवायचे. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, दिलेला शब्द पाळला गेला का हे ती पाहते. पुष्कळ जणांना ती आठवतही नाही, यांना ती पक्की ठाऊक होती. ताई, तुम्ही आजपासून ग्रामसभेचं इतिवृत्त स्वतः वाचायला लागा. पहिली शिकवणी तीच.

उत्तर: अलिबागकर

आमच्या रायगडात वाट वेगळी होती. इथे माणसं आंदोलनातून घडली. 27 ऑक्टोबर 1933ला चरीचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 25 गावांच्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी कसायचं बंद केलं आणि 1939पर्यंत हटले नाहीत. करवंदं विकून, लाकूडफाटा विकून घरं चालवली. बाबासाहेबांनी 1937ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं त्यामागे कोकणातल्या कुळांचे हेच हाल होते. पुढे शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) दत्ता पाटलांना अलिबागने विधानसभेत पाठवलं आणि ते विरोधी पक्षनेते झाले, ते याच मातीतून. आमच्या घरी अजून संपाचं नाव काढलं की म्हातारी माणसं ताठ बसतात.

उत्तर: दापोलीचा विद्यार्थी

चिपळूणचे बाळासाहेब सावंत, म्हणजे पी. के. सावंत, हेही आठवावेत. 1963ला मुख्यमंत्री कन्नमवार वारल्यावर वसंतराव नाईक येईपर्यंतचे काही दिवस मुख्यमंत्रिपद त्यांनी सांभाळलं. दापोलीच्या आमच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

पळापळ नको म्हणून नियमाचं एवढं सांगून ठेवतो: वय 25 पूर्ण हवं, राज्यातल्या मतदारयादीत नाव हवं. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आणि 2009पासून आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सातच्या जागी पाचच मतदारसंघ आहेत, संगमेश्वर आणि खेड गेले. फिरायचा पट्टा तेवढा वाढला.

पऱ्यापलीकडची

सर्वांचे आभार. काका, आमच्याही पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) काम एका हिस्सेदाराच्या सहीसाठी अडलंय. तुमच्या सरपंचांना कोणी नकार दिला नव्हता का?

निवृत्त ग्रामसेवक

दिला होता ना. एक वयस्कर गृहस्थ ऐकेनात. सरपंचांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, जागेवर घेऊन गेले. तिथे कळलं की साकवाच्या तोंडाशी त्यांच्या वडिलांनी लावलेलं हापूसचं कलम होतं. अभियंत्याला बोलावून आखणी थोडी वर सरकवली, आणि कलमाला हात लागणार नाही हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून त्याची नक्कल त्यांच्या हातात दिली. सही तिथेच झाली.

तुम्ही आधी गावनकाशाची नक्कल काढा. पाखाडी जुनी वहिवाट म्हणून त्यावर दाखवली असेल तर बोलणी सोपी होतात. आणि त्या हिस्सेदाराची अडचण नेमकी काय आहे ते विचारून इथे लिहा, मसुदा मी करून देतो.