उद्योग पुरस्कारांत ओपन सोर्ससाठी वेगळा गट असावा का?

वाळूजचा_गाळा
निर्यातीला पुरस्कार मिळतो, गुणवत्तेला मिळतो. ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, धंदा चालवणाऱ्या लघुउद्योगालाही एक असावा, असं मला मनापासून वाटतं. माझं छोटं प्रेस शॉप आहे, पत्र्याचे भाग दाबून काढायचं. प्लेटिंगला (मुलामा द्यायला) बाहेर किती नग गेले, किती परत आले, हे पूर्वी वहीत असायचं आणि वही सुपरवायझरच्या पिशवीत! जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीचं लचांड मागे लागतं. तीन वर्षांपूर्वी ईआरपीनेक्स्ट हे साठा-हिशेब सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं. आता कुठल्या डिलिव्हरी चलनाचा माल कुणाकडे अडकलाय ते मोबाइलवर दिसतं. हे सॉफ्टवेअर मुंबईत तयार झालं, पण शेजारच्या गाळ्यात नावही माहीत नाही. लायसन्सच विकायचं नसेल तर एजंट दारात येणार कशाला? पुरस्कारामुळे निदान नाव तरी कानावर पडेल.

जालना_अकाउंट्स
नाव कानावर पडून काय होणार? माझ्या एका गिऱ्हाइकाकडे असंच बसवलं होतं. बसवणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि ऐन मार्चअखेरीला सिस्टिम बंद पडली. बॅकअप कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. आठ दिवस बिलं हातानं फाडली. ट्रॉफीच्या खर्चात आयटीआयची चार पोरं शिकवा.

वाळूजचा_गाळा
बॅकअप न घेणं हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. कोड उघडा असल्यामुळे दुसरा जाणकार तरी बोलावता येतो. विकतच्या सॉफ्टवेअरची कंपनीच बंद पडली तर कुणाकडे जाणार?

लातूर_दाळमिल
दुसरा जाणकार लातुरात दाखवा, मग बोलू. केंद्र सरकारचं ओपन सोर्स धोरण २०१५ पासून आहे, आमच्या मिलपर्यंत काय आलं? केरळच्या शाळांत लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची ओपन सोर्स प्रणाली) रुजलं ते मास्तरांना शिकवलं म्हणून, सत्कारानं नव्हे.

नांदेडची_इंजिनिअर
मग अटच तशी घाला ना. पुरस्कार मालकाला नको, सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाला द्या. आणि जिंकणाऱ्यानं एक दिवस गाळा उघडा ठेवून इतरांना सगळं दाखवायचं, खर्चाच्या आकड्यांसकट. लोक ‘फुकट’ ऐकून येतात आणि सर्व्हर, प्रशिक्षणाचा खर्च दिसला की पळतात. तो आधीच कळू द्या.

जालना_अकाउंट्स
ही अट पटली. तरी अर्जात आणखी एक रकाना हवा: एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) कुणाकडे आहे आणि बॅकअपवरून डेटा शेवटचा परत चढवून कधी पाहिला? तो कोरा असेल तर अर्ज बाद.

वाळूजचा_गाळा
कबूल. माझाच अर्ज आज बाद होईल. बॅकअप रोज घेतो, पण परत चढवून कधीच पाहिला नाही. या रविवारी बसतो.