गाय विताना मालक इतका वेळ हात न लावता का थांबले?

प्रश्न (लेखक: गोठ्यातला पाहुणा)

नमस्कार. गेल्या आठवड्यात एका परिचितांच्या दुग्धशाळेवर असताना गाय विताना पाहण्याचा योग मला आयुष्यात पहिल्यांदाच आला. जे पाहिले ते विसरणे शक्य नाही, परंतु त्यातील काही गोष्टींचा उलगडा झाला नाही आणि त्या वेळी मालकांना विचारण्याचे धाडस झाले नाही, म्हणून येथे विचारतो.

गाय पहिल्या वेताची होती. दुपारपासून ती इतर गाईंपासून बाजूला उभी होती. मध्येच बसायची, पुन्हा उठायची, शेपटी उचलून धरायची आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहायची. तिला कोरडा पेंढा पसरलेल्या वेगळ्या कप्प्यात आणले. साडेचारच्या सुमारास पाणमोट बाहेर आली आणि फुटली. त्यानंतर दोन पिवळसर, मऊ खूर दिसू लागले; प्रत्येक कळेबरोबर ते बोटभर पुढे येत आणि कळ ओसरली की जवळजवळ तेवढेच आत जात. हे पाऊण तास चालले. गाय कण्हत होती, मालक मात्र कठड्याला टेकून अधूनमधून घड्याळ पाहत होते. पुढे नाक दिसले, सोबत लोंबणारी निळसर जीभ दिसली, तरीही ते हलले नाहीत. डोके आणि छाती बाहेर येऊन वासरू कमरेशी अडकले, तेव्हा मात्र ते एकदम धावले. पुढच्या पायांना दोर बांधून त्यांनी वासराचे धड पिळल्यासारखे एका अंगावर फिरवले आणि जमिनीच्या दिशेने ओढले. वासरू निपचित पडले. नाकपुडीत काडी फिरवल्यावर ते शिंकले आणि श्वास घेऊ लागले.

आधी इतका थंडपणा आणि नंतर इतकी घाई, याची संगती कशी लावायची? आणि गाय वासराला चाटत असताना अर्ध्या तासातच ते उचलून दुसरीकडे का नेले?

उत्तर (लेखक: निवृत्त पशुवैद्यक)

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर त्यातच दडलेले आहे. पाणमोट दिसण्याच्या आधी काही तास गर्भाशयाचे मुख हळूहळू उघडत असते. गाईची ऊठबस सुरू असते ती याच काळात. नंतर वासराचे खूर आणि डोके जन्ममार्गावर दाब देतात, त्या दाबाने कळा वाढतात आणि मार्ग आणखी सैल होतो. खूर पुढे येऊन मागे जात होते, ते याच कामाचा भाग होते. पहिलारू गाईला यासाठी जास्त वेळ लागतो. तो न देता ओढाओढ केली तर मार्ग फाटतो आणि पुढच्या वेतांनाही त्याचा त्रास होतो.

मालक घड्याळ पाहत होते, पण माझ्या अंदाजाने त्याहून अधिक ते खूर पाहत असावेत. खुरांचे तळवे खाली असले तर सहसा पुढचे पाय आणि सरळ वासरू. तळवे वर असले तर बहुधा मागचे पाय, म्हणजे वासरू पायाळू. त्यात नाकही पायांच्या वर दिसले, म्हणजे स्थिती उत्तम होती. दर कळेला थोडी तरी प्रगती आहे तोवर थांबणे योग्य. जोरदार कळा येऊनही अर्धा तास काहीच पुढे सरकत नसेल, एकच पाय दिसत असेल किंवा पाय आहेत पण डोके नाही असे असेल, तर मात्र स्वच्छ हाताने तपासणी केलीच पाहिजे आणि पशुवैद्यकाला बोलावले पाहिजे.

आता घाईचे कारण. डोके मार्गात असताना जीभ निळसर दिसते, सुजतेही, पण तोवर वासराला नाळेतून प्राणवायू मिळत असतो. छाती बाहेर पडून कंबर आत अडकली की नाळ दाबली जाते किंवा तुटते. त्या क्षणापासून वासराला स्वतः श्वास घेणे भाग असते, आणि अर्धे शरीर आवळलेले असताना ते अवघड जाते. (पायाळू वासराच्या बाबतीत हीच नाळ डोके आत असतानाच दाबली जाते, म्हणून तेथे मागचा भाग आल्यावर रेंगाळता येत नाही.) धड फिरवण्यामागेही सरळ हिशेब आहे. गाईच्या कमरेच्या हाडांतील वाट उभी जास्त आणि आडवी कमी असते, तर वासराची कंबर आडवीच रुंद असते. ते पाव वळसा फिरवले की रुंद बाजू वाटेच्या उंचीत बसते. ओढायचे खालच्या दिशेने, कारण मार्गाला तसाच बाक असतो.

उत्तर (लेखक: दूध उत्पादक)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः नेमके उलटे वागलो होतो. खूर दिसताच दोर बांधून ओढले. वासरू वाचले, परंतु गाय आतून फाटली आणि पुन्हा गाभण राहिली नाही.

काडीविषयी एक जोड देतो. अनेक ठिकाणी निपचित वासराला मागच्या पायांना धरून उलटे टांगतात. त्यातून जो द्रव गळतो तो बराचसा पोटातला असतो, आणि आतड्यांचा भार छातीच्या पडद्यावर येऊन श्वास उलट कठीण होतो. त्यापेक्षा वासराला छातीवर बसते करावे, पाय दोन्ही बाजूंना घ्यावेत, अंग खरखरीत कापडाने जोरात चोळावे आणि नाकात काडी घालावी. त्यानंतर नाळ आयोडीनच्या द्रावणात बुडवावी, कारण ती उघडी असेपर्यंत जंतूंना आत शिरायला सोपी वाट असते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेगळे नेण्याचा मुद्दा मात्र अजून सलतो आहे. वासरू नेल्यानंतर गाय बराच वेळ तोंड मिटून खोल, घुमल्यासारखा आवाज काढत होती.

उत्तर (लेखक: निवृत्त पशुवैद्यक)

तो आवाज नवजात वासरालाच उद्देशून असतो. वेगळे नेण्यामागे मुख्यतः दोन कारणे सांगितली जातात. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक घटक गर्भात वासरापर्यंत पोहोचत नाहीत. ते त्याला फक्त चिकातून मिळतात, आणि साधारण २४ तासांत वासराच्या आतड्याची ते शोषून घेण्याची क्षमता संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत वजनाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर चीक पाजावा असे सांगतात. आईला पिताना किती पोटात गेला हे कळत नाही. बाटलीने मोजता येते. दुसरे कारण शेणातून पसरणाऱ्या रोगांचे.

यावर मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. काही दिवस एकत्र ठेवून मग तोडल्यास दोघांचा आक्रोश अधिक होतो हे खरे, पण आईजवळ वाढलेल्या वासरांची वाढ चांगली होते, हेही खरे. माझे स्वतःचे मत असे की निदान गाईला मनसोक्त चाटू द्यावे. त्याने वासरू कोरडे होते आणि त्याचे रक्ताभिसरण वाढते. अर्धा तास मला कमीच वाटतो. वार केव्हा पडली हे आपण लिहिले नाही. ती बहुधा १२ तासांच्या आत पडते. २४ तासांनंतरही राहिली तर ती अडकली असे समजतात, आणि मग ती हाताने ओढून काढू नये.

प्रश्नकर्ता

आज मालकांना फोन करून विचारले. वार त्याच रात्री साडेदहाला पडली होती. वासराला तासाभरात ३ लिटर आणि रात्री पुन्हा २ लिटर चीक पाजला होता. ती कालवड आहे, हे मला आजच कळले. त्या दिवशी पाहायचे सुचलेच नाही.