डिफरन्शियलचे गिअर न बदलता जुन्या पिकअपला मोठे टायर बसवावेत का?

प्रश्न: माझ्या पिकअपला २१५/७५ आर १५ (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंच) टायर आहेत. शेतातल्या खोल चाकोरीत डिफरन्शियलचा गोळा (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा) मातीला घासतो. २३५/७५ आर १५ चालतील का?

उत्तर १: व्यास सुमारे ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होईल, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडा जास्त, गाडी मात्र त्याच्या निम्मीच, १५ मिलिमीटर उचलली जाईल. काटा ६० दाखवेल तेव्हा खरा वेग साडेबासष्टच्या आसपास असेल. रिम किमान ६ इंच रुंद हवी.

उत्तर २: दादा, मोठ्या टायरने ओढ कमी होते; भरलेली गाडी घाटात घातली की हा फरक लगेच जाणवतो. माझ्या गाडीला चढावर एक गिअर आधीच उतरावा लागतो, आणि अर्ध्या क्लचवर ओढत राहिल्यास प्लेट जळते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, हे माल भरूनच तपासावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी रिम मोजतो.