मदत हवी आहे: आरव्हीचा गॅस गीझर पेटतो, पण सात सेकंदांत विझतो

चाकांवरचं_घर

ट्रॅव्हल ट्रेलरमधला (गाडीला जोडून ओढायचं फिरतं घर) ६ गॅलनचा (साधारण २३ लिटर) गीझर आहे, प्रोपेन आणि वीज दोन्हींवर चालणारा. पायलट (सतत जळणारी छोटी ज्योत) नाही, सर्किट बोर्ड ठिणगी देतो. मुक्काम कोलोरॅडोत, ८,००० फुटांच्या आसपास.

स्विच दाबला की व्हॉल्व्हचा 'टक्' आवाज येतो, ठिणगी पडते, ज्योत लगेच धरते. सहा-सात सेकंदांनी विझते. असं तीनदा होतं आणि मग लाल दिवा लागतो. शेगडी आणि फर्नेस (घर गरम ठेवणारा गॅस हीटर) ठणठणीत. सिलिंडर अर्धा, बॅटरी १२.६ व्होल्ट. विजेवर पाणी तापतंय, म्हणजे टाकीत पाणी आहे. दुरुस्तीवाला न बघताच म्हणतो, बोर्ड बदला. आधी काय तपासू?

निळी_ज्योत

बोर्ड इतक्यात मागवू नका. ठिणगी पडते, व्हॉल्व्ह उघडतो, गॅस पेटतो. म्हणजे बोर्डाने आपलं बरंचसं काम केलंय. अडतंय ते 'ज्योत लागली' ही खबर त्याच्यापर्यंत पोचण्यात. तुमच्या प्रकारात ठिणगी देणारी दांडी, म्हणजे इलेक्ट्रोड, हीच ज्योत ओळखते. तिच्यातून ज्योतीमार्गे मायक्रोअँपमध्ये मोजावा इतका बारीक प्रवाह बर्नरच्या धातूत उतरतो. तो परत आला नाही तर आत नुसता गॅस भरतोय असं धरून बोर्ड व्हॉल्व्ह बंद करतो. बरोबरच करतो.

गॅस आणि वीज दोन्ही स्विच बंद, सिलिंडर बंद, गीझर थंड. मग:

इलेक्ट्रोडच्या टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने काढा. टोक आणि बर्नरच्या बाजूचा धातू यांत १/८ इंच, म्हणजे जेमतेम ३ मिमी फट हवी, आणि पेटल्यावर टोक ज्योतीत बुडालेलं दिसायला हवं. चिनीमातीच्या भागाला केसाएवढी चीर असली तरी इलेक्ट्रोड बदला. प्रवाह तिथूनच पळतो. जाड हाय टेन्शन वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का बघा. १२ व्होल्टची पुरवठा लाइन सुटी करून बोर्डाचा कनेक्टर ओढा आणि बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या साध्या खोडरबरने घासा. हिरवट थर असेल तर निम्मा आजार तोच.

आता ज्योतीचा रंग सांगा. निळी आणि घुमणारी, की पिवळ्या टोकाची, लोळणारी?

दाब_मोजा

वरच्याशी सहमत, पण 'शेगडी चालते म्हणून गॅस ठीक' हे मला पटत नाही. शेगडी कमी दाबावरही जळते, फक्त मंद. मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजणारं यंत्र) लावा: फर्नेस आणि एक बर्नर चालू असताना ११ इंच वॉटर कॉलम (दाबाचं माप) हवा. फर्नेस लागताच काटा घसरला तर रेग्युलेटर किंवा नळी. सिलिंडर झटक्यात उघडला असेल तरी जोडनळीतला सुरक्षा व्हॉल्व्ह गॅस अडवतो. सगळं बंद करा, काही मिनिटं थांबा, सावकाश उघडा.

व्होल्टेज बॅटरीवर नको, पेटताना गॅस व्हॉल्व्हच्या टर्मिनलवर मोजा. तिथे १०.५ च्या खाली गेलं तर भरवसा नाही.

एक फुकटची तपासणी: हातात घड्याळ धरा. दर वेळी ठरल्या सेकंदाला विझते तेव्हा बोर्ड विझवतो. कधी ३, कधी २० सेकंदांनी विझली तर गॅस किंवा वारा.

चाकांवरचं_घर

दर वेळी बरोबर सातवा सेकंद. दाब ११, फर्नेस लावूनही हलत नाही. व्हॉल्व्हवर १२.१ व्होल्ट. इलेक्ट्रोडला चीर नाही. घासला, फट ३ मिमी केली. ज्योत मात्र पिवळ्या टोकाची आहे.

निळी_ज्योत

मग बर्नरच्या नळीत डोकवा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, कोळी जाळं विणतो. नळी सोडवून बाटली धुवायच्या बारीक ब्रशने साफ करा. पितळी जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत, टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की जेट गेला. अल्कोहोलमध्ये भिजवा, वाळू द्या. हवेची झडप चतुर्थांश उघडी ठेवून सुरुवात करा. तुमच्या उंचीवर हवा विरळ, थोडी जास्त उघडावी लागेल. जोड परत घट्ट केल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून नव्हे. प्रोपेन हवेहून जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर सिलिंडर बंद करून सगळे बाहेर.

चाकांवरचं_घर

माती निघाली, बरीच. ज्योत निळी झाली. पण पाचांतून दोनदा अजूनही सातव्या सेकंदाला विझते.

दाब_मोजा

आता ग्राउंड, म्हणजे बर्नरच्या धातूतून त्या बारीक प्रवाहाची परतीची वाट. बर्नरच्या पट्टीपासून गीझरच्या निगेटिव्ह वायरपर्यंत एक तात्पुरती वायर जोडा, ज्योतीपासून दूर, आणि पेटवण्याआधीच. ज्योत दहापैकी दहा वेळा टिकली तर दोष पट्टी धरणाऱ्या स्क्रूच्या जोडात.

चाकांवरचं_घर

दहापैकी दहा! बर्नरची पट्टी धरणारा स्क्रू गंजलाय, खाली गंजाची पापडी.

निळी_ज्योत

जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर आणि नवा स्टेनलेस स्क्रू लावा. तात्पुरती वायर काढून पुन्हा दहा वेळा पेटवून बघा.

चाकांवरचं_घर

टिकतेय. पण नळाला पाणी कोमट येतं, ज्योत पूर्ण वेळ जळूनही.

दाब_मोजा

बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त मुठीवरून पाणी बंद केलंय का? तसं असेल तर थंड पाणी तिथूनच गरम लाइनमध्ये शिरतं. नसेल तर गीझरमागचे बायपास व्हॉल्व्ह (पाणी टाकीला वळसा घालून नेणारे) बघा, हिवाळ्यात फिरवलेले तसेच राहतात. दोन्ही ठीक असतील तरच थर्मोस्टॅटकडे वळा. तो साधारण १४० फॅरनहाइटला तोडतो.