मदत हवी आहे: विषाणूंच्या सूचीत एकच विषाणू दोनदा येतोय

कोथरूड_कट्टा
पुण्यातल्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी गूगल शीटमध्ये विषाणूंची मराठी संदर्भसूची करतोय. चिकुनगुनिया दोनदा आलाय: एकदा नेहमीच्या नावानं, एकदा ‘अल्फाव्हायरस चिकुनगुनिया’ म्हणून. शिवाय प्रथिनांची नावं स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात कोंबलीत, त्यामुळे शोध धड चालत नाही. मुख्य नाव कुठलं धरू?

पाषाण_लेन
नाव मुख्य धरूच नका. ‘अल्फाव्हायरस चिकुनगुनिया’ हे प्रजातीचं नाव आहे, आयसीटीव्हीच्या (विषाणूंचं वर्गीकरण ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती) द्विनाम पद्धतीतलं. रुग्णाच्या रक्तात मिळतो तो चिकुनगुनिया विषाणू. दोन्ही वेगळ्या रकान्यांत हवेत.

ओळीची ओळख म्हणून एनसीबीआय टॅक्सॉनॉमी या सजीव-विषाणूंच्या वर्गीकरणाच्या डेटाबेसमधला क्रमांक घ्या, चिकुनगुनियाचा ३७१२४. प्रजातीवर ओळ बांधलीत तर डेंग्यूत फसाल. प्रजाती एक, पण प्रकार चार: ११०५३, ११०६०, ११०६९, ११०७०. पर्यायी नावांचं शीट निराळं ठेवा, एका ओळीत एकच नाव. डेंगी, डेंग्यू, चिकनगुनिया, सगळं तिथे. मुलं कसंही टाइप करतात!

क्रमांकही कधीकधी एकमेकांत विलीन होतात. टॅक्सडंपमधल्या (त्या डेटाबेसची डाउनलोड करायची प्रत) ‘मर्ज्ड’ फाइलशी अधूनमधून ताळा करा.

कोथरूड_कट्टा
बाल्टिमोर गट कुळाच्या वर टाकलाय. चालेल?

पाषाण_लेन
नाही. तो वर्गीकरणाचा टप्पा नाही, एमआरएनए कसा बनतो त्यावरचा गट आहे. एचआयव्ही सहाव्या गटात, हिपॅटायटिस बी सातव्या; आयसीटीव्हीच्या वृक्षात मात्र दोघं पॅरार्नाव्हिरी या एकाच सृष्टीत. आडवा, स्वतंत्र रकाना करा.

जनुक_जोशीबुवा
प्रथिनांना वेगळं शीट, एका ओळीत एक प्रथिन. रकाने: विषाणूचा क्रमांक, स्ट्रेन (विषाणूचा उपप्रकार), रेफसेक (एनसीबीआयचा संदर्भ-क्रमांचा संग्रह) क्रमांक आवृत्तीसकट, कुठल्या पॉलीप्रोटीनमधून (तुकडे होऊन अनेक प्रथिनं देणारं लांब प्रथिन), सुरुवात, शेवट. आवृत्ती गाळलीत तर पुढे स्थानं जुळतीलच असं नाही.

डेंग्यू सोपा आहे, एका पॉलीप्रोटीनमधून दहा प्रथिनं. चिकुनगुनियात दोन पॉलीप्रोटीन, आणि खरी गंमत तिथेच. ६के आणि टीएफ ही दोन प्रथिनं एकाच जागी सुरू होतात. पुढे रायबोसोमची (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) वाचनाची चौकट सरकली की टीएफ बनतं. सुरुवातीच्या स्थानावरून दुहेरी नोंदी काढल्यात तर त्यातलं एक उडेल. एनएसपी३ या प्रथिनाच्या शेवटाजवळ काही स्ट्रेनमध्ये ओपल थांबा (प्रथिन तिथेच संपवायचा संकेत) असतो, काहींत त्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल. म्हणून स्ट्रेनचा रकाना रिकामा सोडू नका.

सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडू नका, मराठीची जिलबी होते. ‘डेटा’मधून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.