मदत हवी आहे: तीन सक्युलंट, तिन्हीची लेबलं चुकीची वाटताहेत

नमस्कार मंडळी, घरात तीन सक्युलंट (पाणी साठवणारी, मांसल झाडं) आहेत आणि एक मांजर, जी दिसेल ते पान कुरतडते, म्हणून खरी नावं कळायलाच हवीत.

पहिल्यावर लेबल आहे 'हॉवर्थिया फॅसिआटा'. टोकदार पानं, बाहेरून पांढरे आडवे पट्टे. वाचलं होतं की फॅसिआटाचं पान आतून, म्हणजे झाडाच्या मध्याकडच्या बाजूने, गुळगुळीत असतं. मी बोट फिरवून बघितलं तर आतूनपण खरखरीत लागतंय, बारीक पांढरे ठिपके आहेत. मग हे नक्की काय?

दुसरं 'जेड', पण पानं जेमतेम नखाएवढी, फांद्या लालसर आणि बारीक, कडेने खाली झुकतात.

तिसरं 'मिनी कॅक्टस'. परवा कुंडी बदलताना टोक मोडलं आणि भळाभळा पांढरा चीक आला, मी घाबरलेच! कॅक्टसला चीक असतो का?

---

तुमचं बोट बरोबर सांगतंय, पहिलं अटेन्युआटा आहे. फॅसिआटा म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा हेच असतं. आणि 2013 मध्ये दोघांनाही हॉवर्थिया या वंशातून काढून हॉवर्थिऑप्सिस या वेगळ्या वंशात टाकलंय, म्हणजे लेबल दोनदा चुकलं 😄 मांजरीला त्रास नाही.

दुसरं पोर्टुलाकारिया आफ्रा वाटतंय. जेडचं खोड जाड, मांसल असतं, असं लाल आणि बारीक नसतं. हे मांजरीला चालतं, खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा मात्र विषारी, त्यामुळे फोटो टाकाच.

तिसऱ्याचं नुसत्या चिकावरून ठरवू नका, काही मॅमिलारियांनाही (हे खरे कॅक्टसच) चीक असतो. काटा निघतो तिथे कापसासारखी गादी आहे का बघा. असेल तर कॅक्टस, नसेल आणि काटे जोडीने असतील तर युफोर्बिया, म्हणजे कॅक्टससारखं दिसणारं पण वेगळ्या कुळातलं चिकाचं झाड. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा.

---

बघितलं भिंगातून! गादीबिदी काही नाही, काटे दोन-दोन. लगेच कपाटावर चढवलं, मांजर खालून रागाने बघतेय. पहिल्या दोघांची लेबलं पेन्सिलने नवीन लिहिली (मार्कर उन्हात उडतो, आधीचा अनुभव), जेडच्या जागी प्रश्नचिन्हासकट पोर्टुलाकारिया, फोटो उद्या उजेडात काढते. युफोर्बियाला तीन कडा आहेत, वरती कडांवर चमच्यासारखी छोटी पानं पण आहेत, हे ट्रायगोना म्हणायचं का?