पगार बरा असेल तर फाफ्सा भरायचाच कशाला?

दोन_पोरांची_आई
लेकीचं सीनियर इयर (हायस्कूलचं शेवटचं वर्ष) आहे आणि घरात रोज एकच वाद, फाफ्सा भरायचा की नाही. फाफ्सा म्हणजे अमेरिकन सरकारचा तो अर्ज ज्यावरून ग्रँट (फेडावी न लागणारी मदत), लोन, वर्क-स्टडी (शिकताना करायचं पगारी काम) सगळं ठरतं, १ ऑक्टोबरला उघडतो. नवरा म्हणतो भरूया, मी म्हणते कशाला. दोघांचा पगार मिळून अडीच लाख डॉलरच्या वर जातो, गरजूंसाठीची सरकारी पेल ग्रँट मुळात वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आणि ती आपल्यासारख्यांना मिळणारच नाही, मग घरातला सगळा जमाखर्च दुसऱ्यापुढे मांडून ठेवायचा कशासाठी? वर कॉलेजला कळलं की यांना पैशाची मदत पाहिजे तर ॲडमिशनलाच खोडा. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर भरावा, आपण गुपचूप फीची सोय करावी असं माझं मत आहे. वेगळं वाटत असेल तर सांगा पण नुसतं 'भरून ठेवा, काय जातंय' असं मोघम नको.

टॅक्सवाला_दादा
ताई, मोघम नाही सांगत. फाफ्सा म्हणजे फक्त पेल ग्रँट नव्हे. मुलाच्या नावावर जे फेडरल अनसबसिडाइज्ड लोन (शिकत असतानाही व्याज चढतं ते) मिळतं त्याला उत्पन्नाची अटच नाही, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००, पण फाफ्सा नाही तर यातला एक डॉलरही नाही. दुसरं, काही कॉलेजं आणि राज्यं मेरिट स्कॉलरशिपसाठीसुद्धा फाफ्सा मागतात, गरज आहे की नाही हा प्रश्नच वेगळा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपल्या लोकांच्या नोकऱ्या. २०२६-२७ च्या अर्जात उत्पन्न २०२४ च्या टॅक्स रिटर्नचं धरतात, मध्येच ले-ऑफ झाला तर कॉलेजच्या एड ऑफिसला कागद दाखवून आकडा नव्याने बघायला सांगता येतो, पण त्यांच्याकडे तुमचा फाफ्साच नसेल तर ते बघणार काय, कपाळ? आयटीत असलेल्या माणसाने तरी 'आपल्याला काय गरज' असं म्हणू नये.

उंटावरून
दादा ते लोन कुठल्या व्याजाने मिळतं तेही सांगा की. २०२५-२६ ला ६.३९ टक्के, वर फी कापून घेतात. अडीच लाख कमावणाऱ्या घराने अठरा वर्षाच्या पोराला कर्जात का ढकलायचं? आईबापाच्या नावावरचं पॅरेंट प्लस तर ८.९४ टक्के, फी चार टक्क्यांच्या वर. १ जुलै २०२६ पासून त्यावर मर्यादा, एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार, माझ्या मते बरंच झालं, लोक डोळे झाकून सह्या करत होते.

आणि तो अर्ज भरल्यावर कॉलेजचं जे पत्र येतं ते वाचलंय का कुणी नीट? ग्रँट, लोन, वर्क-स्टडी सगळं एका खाली एक लिहून खाली बेरीज, 'तुमची एकूण मदत' इतकी. लोन फेडायचं असतं हो, ती मदत कशी? हे मी एकटा म्हणत नाहीये, सरकारच्याच गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०२२ मध्ये तपासलं तेव्हा ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च एकतर सांगतच नव्हती किंवा कमी दाखवत होती. म्हणून म्हणतो, ताईंचं बरोबर आहे, ज्या खेळात आपल्याला काही मिळणार नाही त्यात उतरूच नका.

टॅक्सवाला_दादा
लोन मिळालं म्हणजे घ्यावंच लागतं असं कुणी सांगितलं? नको म्हणून कळवायचं, संपलं. पत्र फसवं असतं हे शंभर टक्के मान्य, म्हणून एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करून बघायचं, बाकी सगळं खोडून टाकायचं. पण पत्र फसवं म्हणून अर्जच करू नका हे काय लॉजिक.

निवांत_वाचक
आमचा तर प्रश्नच मिटला, आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, फाफ्सा सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. मुलगा इथेच जन्मलाय पण आमच्या स्टेटसमुळे त्याचंही गेलं.

नाव_काय_ठेवू
@निवांत_वाचक थांबा थांबा, हे चुकीचं आहे!! मुलगा इथे जन्मला म्हणजे तो सिटिझन, फाफ्साला पात्रता विद्यार्थ्याची बघतात, आईबापाचा व्हिसा बघत नाहीत. तुम्ही फक्त तुमची माहिती द्यायची आणि टॅक्सची माहिती घ्यायला संमती द्यायची. संमती नाही दिली तर मात्र फेडरल मदत बंद. मुलगी एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर खरंच नाही मिळत, तिला काही खाजगी कॉलेजं स्वतःच्या पैशातून देतात त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज असतो. आपल्या ग्रुपांमध्ये ही अफवा इतकी पसरली आहे की लोक पात्र असून सोडून देतात, चीड येते.

निवांत_वाचक
खरंच? आजच बघतो. धन्यवाद ताई (की दादा).

कट्ट्यावरचा
मला एक सांगा, पुण्यातला फ्लॅट लिहायचा का त्यात? माझा मित्र म्हणतो इंडियातलं कोण बघतंय.

टॅक्सवाला_दादा
लिहायचा. राहतं घर सोडून बाकीची प्रॉपर्टी गुंतवणूक धरतात, ती पुण्यात असो की टेक्ससमध्ये, कर्ज वजा जाऊन जी किंमत उरेल ती. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर २० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा कैद किंवा दोन्ही, आणि खाली सही तुमची असते, मित्राची नाही.

तसंही आईबापाच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग दरवर्षी फीला देता येईल असं धरतात, ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मोजतच नाहीत. खरा फटका मुलाच्या नावावर पैसे ठेवणाऱ्यांना, तिथे सरळ २० टक्के. आपल्याकडे हौसेने नातवाच्या नावावर ठेवायची सवय असते, तिथे लक्ष द्या. मात्र आजोबांनी ५२९ अकाउंट (शिक्षणासाठीचं बचत खातं) स्वतःच्या नावावर ठेवलं असेल तर ते नव्या फाफ्सात येत नाही. सीएसएसवाले मात्र राहत्या घराचंही विचारतात, तिथे उत्तरं वेगळी.

उंटावरून
म्हणजे बघा, जो काटकसर करून फ्लॅट घेतो त्याचे मोजायचे आणि जो सगळे उडवतो त्याचं शून्य. गावी आईवडिलांना दर महिन्याला पैसे पाठवतो ते वजा करायला जागा नाही. आधी दोन पोरं एकदम कॉलेजात असली की आईबापाचा वाटा दोघांत विभागायचे, २०२४-२५ पासून ते पण काढलं. ताईंची दोन आहेत ना, करा हिशोब. मध्यमवर्गीय माणसाला मध्येच चेपायची पद्धत आहे ही.

नाव_काय_ठेवू
अडीच लाख डॉलर म्हणजे मध्यमवर्गीय? 😄 बरं असो. भावंडांचं मात्र बरोबर बोललात, तो बदल वाईटच आहे. पण सीएसएसवाली बरीच कॉलेजं अजून भावंडं धरतात म्हणून दोन पोरं असतील तर उलट अर्ज करायचं कारण वाढतं, कमी होत नाही.

आणि 'आपल्याला काही मिळणार नाही' हे कुठल्या कॉलेजचं बोलताय यावर आहे. प्रिन्स्टनने २०२५ मध्ये जाहीर केलंय की अडीच लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना ट्यूशन लागणार नाही, हार्वर्ड आणि एमआयटीची रेषा दोन लाखावर आहे. आता ॲडमिशन मिळणं किती कठीण ते सगळ्यांना माहितीये, पण मिळाली आणि अर्जच केलेला नसला तर रडायचं कुणाकडे.

दोन_पोरांची_आई
प्रिन्स्टनचं स्वप्न बघायला काय, फुकट आहे. पण माझ्या मुख्य प्रश्नाला कुणी हातच घालत नाहीये. मदत पाहिजे म्हटलं की ॲडमिशनला मार बसतो की नाही?

नाव_काय_ठेवू
कॉलेजवर आहे. तिने लिस्टमध्ये घातलेली स्टेट युनिव्हर्सिटी असेल तर निर्धास्त भरा, आणि वर सांगितलेली तिन्ही नीड-ब्लाइंड आहेत, पैशाचा विचार ॲडमिशनच्या वेळी करत नाहीत. पण काही खाजगी कॉलेजं नीड-अवेअर असतात, म्हणजे ॲडमिशन देताना मदत मागितली आहे का तेही बघतात, तिथे काठावरच्या मुलाला मार बसू शकतो, तुमची भीती अगदीच हवेतली नाही. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर हे लिहिलेलं असतं, एकेक उघडून बघा.

मात्र न मागण्यालाही किंमत आहे. काही ठिकाणी पहिल्या वर्षी मागितलं नाही तर पुढची दोन वर्षं मागताच येत नाही. आणि लेक अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला आधी अर्ज, मिळालं तर तिथेच जायचं) करणार असेल तर ते बंधनकारक असतं, पैसे पुरत नाहीत म्हणून त्यातून सुटता येतं पण ती वाट ज्याने मदत मागितली होती त्याचीच.

उंटावरून
म्हणजे शेवटी नीड-अवेअर असेल तर भरू नका हे मान्य केलंत. माझं तेच म्हणणं होतं 😎

टॅक्सवाला_दादा
नाही हो, तुमचं म्हणणं होतं कुठेच भरू नका.

दोन_पोरांची_आई
भांडू नका. काल रात्री तिच्या लिस्टमधल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाऊन अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारं) चालवून बघितलं, सगळ्यांना तो ठेवावाच लागतो. बहुतेक ठिकाणी आम्हाला पूर्ण फीच दाखवतंय, म्हणजे मी म्हणत होते तेच. फक्त एका खाजगी कॉलेजात आकडा बराच खाली आला आणि नवरा तेव्हापासून विजयी मुद्रेने फिरतोय. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी भरणार आहे, त्या खाजगीसाठी फाफ्सा आणि सीएसएस दोन्ही, आणि लिस्टमध्ये जे एक नीड-अवेअर निघालं तिथे मागणार नाही, यावर मी अडून आहे. लोन आलं तरी घेणार नाही.

आता हे सांगा, आम्ही दोघं जॉइंट टॅक्स भरतो, तर फाफ्साच्या साइटवर दोघांनी वेगवेगळी अकाउंटं काढायची का?

टॅक्सवाला_दादा
जॉइंट भरत असाल तर एकाचंच पुरे. लेकीचं एक आणि तुमच्यापैकी कुणाचं तरी एक. आधीच काढून ठेवा, ओळख पडताळायला कधीकधी दिवस जातात.

दोन_पोरांची_आई
मग नवऱ्याचंच काढते, त्यालाच हौस आहे.